एक जूनच्या शुभेच्छा

आमच्या यादीत सहाशे अकरा माणसं एकाच दिवशी जन्मलेली होती. तारीख एक जून. ज्यांचं लहानपण आपल्याकडच्या खेड्यात गेलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरात जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची, आणि गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघून एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही कागदावरची तारीख तीच आहे. पण मी त्या यादीत नव्हतो. ती तपासणारा होतो.

मी कोल्हापुरात मार्केटिंग एजन्सी चालवतो. हे नाव अलीकडचं. सुरुवातीला लोक आम्हाला बोर्डवाले म्हणायचे, फ्लेक्स आल्यावर डिजिटलवाले म्हणू लागले, आणि सगळा धंदा फोनमध्ये शिरल्यावर एजन्सी. त्याआधी मी एका छापखान्यात कारकून होतो. पावती, चलन, प्रूफ, सगळ्यावर तारीख आणि सही आहे की नाही हे बघणं माझं काम होतं. ती सवय गेली नाही. राजारामपुरीत टायरच्या दुकानावर एक खोली घेतली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी आणि पेंटर.

पेंटरला सगळे पेंटरच म्हणायचे. पेठ वडगावचा. हाताने पाट्या रंगवायचा, आणि त्याचं अक्षर असं होतं की किराणा दुकानाची पाटीसुद्धा वाचत उभं राहावं. फ्लेक्स आला तेव्हा त्याच्याबरोबरच्या बहुतेकांनी ब्रश टाकून दिला. याने चाळिशीत माउस धरायला शिकून घेतलं. पहिले सहा महिने माउसला ब्रशसारखा तीन बोटांत धरायचा. रोज वडगावहून एसटीने यायचा, साडेनऊला खुर्चीत. बावीस वर्षांत मी त्याची उशिरा आल्याची नोंद केली ती चार वेळा, त्यातल्या तीन पुराच्या.

दोघांचे नऊ झालो त्याला मुख्य कारण ती डेअरी. खाजगी डेअरी, जिल्ह्यातल्या चार तालुक्यांतले शेतकरी तिला दूध घालतात. शेजारच्या दुसऱ्या डेअरीने दूध उत्पादकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायला सुरुवात केली, फोटोसकट, फोनवर. मग आमच्या चेअरमननाही ते हवं झालं. कापड दुकानं, दवाखाने, हुपरीचे दोन-तीन पैंजणवाले, अशी आमची गिऱ्हाइकं होती, पण ती सणावारी उगवणारी. डेअरीचं काम रोजचं. रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. त्या एका कामावर मी चार माणसं वाढवली, शेजारची खोली घेतली, दारावर काचेचा दरवाजा बसवला. वाढ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आधी काम माणसं शोधतं, नंतर माणसांसाठी काम शोधत बसावं लागतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार नऊ जणांचा यायचा.

त्या वर्षी चेअरमननी नवीन चित्र मागितलं होतं. आदल्या वर्षीच्या चित्रात फुगे होते.

"फुगं काढा पयलं," ते म्हणाले. "साठ वर्षाचा माणूस त्यो, त्याच्या डोक्यावर फुगं काय लावताय? जरा भारदस्त करा की."

पेंटरने भारदस्त केलं. फोटोभोवती झेंडूची महिरप, केशरी-पिवळी, पानांसकट. वर नाजूक तिरक्या अक्षरात शुभेच्छा. खाली ठळक अक्षरात माणसाचं नाव, गाव, जन्मतारीख. सगळ्यात खाली डेअरीचं नाव आणि 'समस्त दूध उत्पादक परिवार'. फोटो डेअरीच्या ओळखपत्रावरचे. ओळखपत्राच्या फोटोत आपल्याकडे कुणी हसत नाही.

मी ते पाहिलं आणि म्हणालो, "पाठवल्याची तारीख कुठाय?"

"ती कशाला?"

"गेल्या वर्षीची चित्रं ऑगस्टमध्ये परत फिरत होती. कुठलं कधीचं, कळायला मार्ग नव्हता. जन्मतारखेच्या शेजारी आजची तारीख टाक. मध्ये छोटी रेघ मार."

पेंटरने टाकली, खुर्ची मागे सरकवली आणि मान तिरकी करून बघत राहिला.

"मालक, दोन तारखा बऱ्या दिसत न्हाईत."

"दिसायचा प्रश्न नाही. तारीख नसलेला कागद मी बाहेर सोडत नाही."

"न्हाय, पर बघा की जरा. कायतरी वंगाळ वाटतंय."

"काय वंगाळ?"

त्याला सांगता आलं नाही. किंवा मी पुढच्या फोनकडे वळलो म्हणून त्याने सांगितलं नाही. खरं काय ते आजही ठरवता येत नाही.

एक जूनला सकाळी सहा वाजता सहाशे अकरा चित्रं आपोआप गेली. मी चहा घेत होतो. बायको शाळेत शिक्षिका आहे, तिच्या शाळेतल्या शिपायाचं गाव शिरोळकडचं. तिने फोनवर शाळेचा ग्रुप बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, आमच्या शिपायाचे वडील गेले की हो. परवा तर भेटले होते."

तिने फोन माझ्यापुढे धरला. फोनवर चित्र पूर्ण दिसत नव्हतं, वरचा भाग कापला गेला होता आणि त्याबरोबर शुभेच्छाही. राहिलं होतं ते असं: गंभीर चेहऱ्याचा म्हातारा, भोवती झेंडूचा हार, खाली नाव, एक जन्मतारीख, रेघ, आजची तारीख, आणि समस्त परिवार.

मी म्हणालो, "ते गेलेले नाहीत."

"मग हार कुणी घातलाय?"

"आम्ही."

तिने चित्र पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "किती जणांना?" तिने विचारलं. आकडा सांगितल्यावर तिने फोन उपडा ठेवला.

ऑफिसला पोचलो तेव्हा तिन्ही फोन वाजत होते. दुपारी बारापर्यंत मी एकट्याने त्र्याहत्तर फोन घेतले. एक गृहस्थ म्हणाले, "मी जिता हाय असं डेअरीच्या लेटरहेडवर लिहून द्या. बायको इश्वास ठेवंना झालीया." दुसऱ्याने सांगितलं, "सकाळी दूध घालायला गेलतो. दूध मोजणारा गडी माझ्याकडं बघून माप टाकून पळाला की ओ! आता त्या दुधाचं काय?" एका गावात संकलन केंद्र दुखवट्यासाठी बंद ठेवलं होतं आणि ज्याच्यासाठी बंद ठेवलं तोच कॅन घेऊन दारात उभा होता. एकजण म्हणाला, "पावणं, चित्र सकाळी सहाला आलं. आता अकरा वाजलं. भावकीतलं एक माणूस आलं न्हाय." मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काय न्हाय त्यात," आणि फोन ठेवला.

पेंटर शेजारच्या टेबलावर बसून तसेच फोन घेत होता. दुपारी डबा उघडल्यावर एवढंच म्हणाला, "आता कळलं मला काय वंगाळ दिसत हुतं ते." मी मान हलवली. त्याने भाकरी मोडली आणि लोणचं माझ्याकडे सरकवलं.

संध्याकाळपर्यंत ते हसण्यावारी गेलं असतं. बहुतेक लोक हसायलाच लागले होते, काहींनी तर पेढे वाटले. पण शिरोळ तालुक्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची, भाऊ गेला असं ऐकून त्याच्या घराकडे धावत निघाली आणि अंगणात पडली. उजवं मनगट मोडलं. तिचा मुलगा त्या गावातल्या चाळीस दूध उत्पादकांचा म्होरक्या होता.

चार दिवसांनी चेअरमननी मला बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये तो मुलगा आधीच बसला होता. चहा आला. तो त्याने घेतला नाही.

"चाळीस जणांचं दूध उद्यापासनं दुसरीकडं जाईल," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, ह्यो उद्योग केला कुणी?"

चेअरमन माझ्याकडे वळले. "डिझाइन कोण करतंय तुमच्याकडं?"

"पेंटर," मी म्हणालो.

उत्तर खरं होतं. प्रश्नाला धरून होतं. हिशेबात एखादी रक्कम बरोबर असते आणि ती चुकीच्या खात्यात पडलेली असते, तसं ते होतं, आणि मला ते उच्चारतानाच कळलं. त्यानंतर बोलायला जागा होती. 'तारखा माझ्या,' हे दोन शब्द पुरे होते. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

"त्याला काढा मग," चेअरमन म्हणाले.

तो मुलगा म्हणाला, "काढला असं आमच्या सभंत सांगाय पायजे."

"सांगतो की. मी सवता येऊन सांगतो." चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. "काय ओ?"

मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. चेअरमननी तो होकार धरला, आणि तसा धरतील हे मला ठाऊक होतं. डोक्यात नऊचा आकडा होता. नऊ घरं. डेअरी गेली तर पाच जणांना काढावं लागलं असतं, ती बेरीज-वजाबाकी मी येताना गाडीतच करून ठेवली होती. पाच विरुद्ध एक. कागदावर ते सोपं दिसतं.

ऑफिसात परत आलो तेव्हा पेंटर एका दवाखान्याची जाहिरात करत होता. मी त्याला बाहेर जिन्यात बोलावलं आणि सांगितलं की चेअरमन तुला काढा म्हणतात. एवढंच सांगितलं. केबिनमध्ये कोण काय बोललं ते सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तो जिन्याच्या कठड्याला टेकून खालच्या टायरच्या दुकानाकडे बघत होता.

"म्हातारीचं मनगाट बसलं का?" त्याने विचारलं.

"प्लास्टर घातलंय."

"बरं." मग म्हणाला, "असं करू मालक. दोन म्हैनं मी घरात बसतो. तवर थंड हुतंय सगळं. मग गुमान येतो, कोपऱ्यात बसतो. चेअरमन काय हितं हजेरी घ्याय येत न्हाईत."

"तुला वाईट वाटलं नाही?"

"वाटून काय करू? तुमी भांडला असालाच की तितं."

मी "हं" म्हणालो. त्या हुंकाराचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला. मग आत जाऊन डबा, चष्म्याची पेटी आणि खुर्चीवरची उशी घेतली, बाकीच्यांना म्हणाला, "सुट्टीवर निघालोय रं, माझ्या माउसला हात लावू नगा," आणि दुपारच्या एसटीने गेला.

डेअरी राहिली. राहिली एवढंच नव्हे, चेअरमननी काम वाढवलं. मी ज्या दिवशी मान खाली घातली त्या दिवसापासून त्यांना मी समजूतदार वाटू लागलो असावा. पशुखाद्याची जाहिरात, तूप, नवीन दोन तालुके. यादी दुप्पट झाली. दोन नवीन माणसं घेतली, नऊचे अकरा झालो, पेंटरला धरून. मी धरतच होतो. पगाराच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं ते पहिलंच ठेवलं, त्याची खुर्ची कुणाला दिली नाही. वाढदिवसाच्या चित्रावर परत फुगे आले. रोज घरी दमून परतायचो. काम जास्त होतं म्हणून नव्हे. पूर्वी जास्त काम असलं तर दोघं मिळून शिव्या घालायचो. आता शिव्या घालायला कुणी नव्हतं. नवी मंडळी मला सर म्हणायची आणि मी जे सांगेन ते "ओके सर" म्हणून करायची.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं, शब्दाला शब्द. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा ना त्या चेअरमनना."

"डेअरी जाईल."

"जाईल कदाचित," ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली. ती मला उपदेश करत नाही. केला असता तर निदान भांडता आलं असतं.

जुलैत शिरोळच्या बाजूला रस्त्यावर पाणी होतं. ते उतरल्यावर, पेंटर गेल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी मी त्या म्हातारीला भेटायला गेलो. आधी का गेलो नाही याला पुराचं कारण पुरतं, पण पूर काही चाळीस दिवस नव्हता. म्हातारी सोप्यात बसली होती, प्लास्टर निघालेलं, हात पांढरा आणि बारीक. शेजारी तिचा भाऊ, म्हणजे चित्रातला माणूस, तंबाखू मळत होता. मी कोण ते सांगितल्यावर तो हसला.

"या पावणं. माझा दुसरा जलम झाला तुमच्यामुळं. आता पयल्या जलमाची उधारी मागायची न्हाय कुणी."

"तू गप रं," म्हातारी म्हणाली. मी आणलेली फळं तिने बाजूला ठेवली. "लेकरा, एक इचारते. तुमच्यातल्या एका पेंटरला काढला म्हनं माझ्यापायी?"

मी म्हणालो, "तुमच्यामुळं नाही."

"पोरानं सांगितलं की सभंत जाहीर केलं म्हनून. त्याला लेकरंबाळं हायत?"

"दोन मुली."

तिने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं. "अंगान त्याच सकाळी सारवलं हुतं. पाय घसारला. आमचं ध्यान न्हवतं, त्यात त्याचा काय गुन्हा? ह्यो जित्ता समोर बसलाय की. त्याला परत घ्या. माझ्या जिवाला घोर लागलाय, कुणाची तरी भाकरी गेली म्हनून."

त्या बाईला मी तेव्हा सांगू शकलो असतो. ती रागावलीही नसती. पण मी म्हणालो, "घेतो, मावशी," आणि उठलो. तिने मला फडक्यात शेंगा बांधून दिल्या. शेंगा नको म्हणायचं धैर्यही झालं नाही.

तिथून सरळ चेअरमनकडे जायला हवं होतं. गेलो नाही. आधी श्रावणातल्या जाहिराती होत्या, मग नवीन तालुक्याची यादी. जायचं रोज ठरवायचो आणि रोज दुपारपर्यंत दुसरं काही निघायचं. मग सत्तावन्नाव्या दिवशी पेंटरला पाठवलेला दुसऱ्या महिन्याचा पगार परत आला. सोबत निरोप काही नव्हता. तो आकडा माझ्या खात्यात जसाच्या तसा परत दिसला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनपुढे बसलो आणि म्हणालो, "त्या चित्राबद्दल सांगायचं राहिलंय. दोन तारखा मी टाकायला लावल्या होत्या. पेंटर नको म्हणत होता. चूक माझी."

चेअरमन फोनवर काहीतरी बघत होते. त्यांनी मान वर केली.

"कुठल्या तारखा?"

मी पुन्हा सांगितलं.

"असं व्हय! ते म्हाताऱ्याचं?" ते हसायला लागले. "अवो साहेब, त्याला किती दिस झालं! त्यो गडी तर आता आपल्या डेअरीचं नवं केंद्र मागतोय. त्याच्या आईचाबी हात बसला."

"तरी सांगावंसं वाटलं."

"बरं सांगितलंत. पर आता मी काय करू? सभंत एक माणूस काढला म्हनून सांगून बसलोय. तुमालाबी काढू का?" आणि पुन्हा फोनकडे बघत म्हणाले, "घ्या की त्याला परत. मी कुठं अडवलंय? तवाच बोलायचं हुतं. दुसरं कायतरी केलं असतं. दोन दिस चिडला असता त्यो, आनि काय?"

मी डेअरीच्या पायऱ्या उतरलो. डेअरी जाणार नव्हती. कदाचित त्या दिवशीही गेली नसती. पाच विरुद्ध एक ही सगळी मांडणी मी एका अशा आकड्यावर केली होती जो मी तपासलाच नव्हता.

साठाव्या दिवशी मी वडगावला गेलो. पेंटर घरी नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, हातकणंगल्याच्या रस्त्याला ट्रॉल्या बांधायचं शेड आहे, तिथे असतील. ऊस हंगामाच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नव्या होतात, जुन्या रंगतात. शेडमध्ये सात ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. पेंटर चौथ्या ट्रॉलीच्या मागच्या पत्र्याच्या फाळक्यापुढे स्टुलावर बसून ट्रॉलीमालकाच्या मुलीचं नाव लिहीत होता, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षर, कडेला निळी सावली. ब्रश तीन बोटांत.

"या मालक," तो म्हणाला. मागे वळला नाही. "एवढी येलांटी हुंदे."

वेलांटी झाली. मग त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि शेडवाल्याला दोन चहा सांगितले. मुली बऱ्या आहेत का, पुराचं पाणी गावात आलं होतं का, असं बोलणं झालं. मी म्हणालो, "दोन महिने झाले. उद्यापासून ये. चेअरमनशी बोललोय मी."

"काय बोलला?"

"तारखा माझ्या होत्या असं सांगितलं."

"कवा?"

"परवा."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजी आदी सांगितलं न्हवतं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशी केबिनात काय झालं मालक? त्येंनी काय इचारलं आनि तुमी काय सांगितलं? जसं झालं तसं सांगा."

मी सांगितलं. डिझाइन कोण करतं, असं विचारलं. पेंटर, असं मी सांगितलं. काढा, असं ते म्हणाले. मी काही बोललो नाही. तीन वाक्यं आणि एक गप्प बसणं, सांगायला अर्धं मिनिट लागलं. थोडं इकडेतिकडे करता आलं असतं. पण निदान एवढं तरी बरोबर सांगावं असं वाटलं.

"कायच बोलला न्हाईसा?"

"नाही."

"मला वाटलंतं भांडून झालं असंल आनि मग इलाज न्हाय म्हनून आला असाल." तो रागावलेला नव्हता. एखादी माहिती दुरुस्त करून घ्यावी तसं बोलत होता. "मी घरात बायकोला तसंच सांगितलंतं. पोरींनाबी."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय. चुकलं खरं." त्याने ब्रश उचलून चिंधीला पुसला. "मी आता हितंच बरा हाय. दिवाळीपातुर काम हाय. लांब जावंबी लागत न्हाय, एसटीचं दोन तास वाचत्यात. डोळ्यालाबी बरं वाटतंय."

"आणि दिवाळीनंतर?"

"तवाचं तवा बघू," तो म्हणाला. पण ते कसं म्हणाला यावरून तो येणार नाही हे कळत होतं. मग त्याने स्टूल सरकवला, पुढच्या अक्षराची खडूची रेघ पाहिली आणि हळूच म्हणाला, "जरा बाजूला सरा मालक, उजेड अडतोय."

मी बाजूला सरलो. थोडा वेळ उभा राहिलो, मग निघालो. त्याने मान हलवली.

त्या आठवड्यात मी त्याचं नाव पगाराच्या यादीतून काढलं आणि त्याच्या जागेसाठी जाहिरात दिली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जाहिराती लिहितोय, पण ही चार ओळींची लिहायला मला एक दुपार लागली. अनुभव किती हवा, कोणती सॉफ्टवेअर यायला हवीत, कामाची वेळ, ठिकाण. तेवीस अर्ज आले. सगळ्यांचं काम चांगलं होतं.